खुलासा : अर्ल्स कोर्टची ती निळी खोली १९२९ची नाही

लंडनच्या अर्ल्स कोर्ट स्टेशनबाहेर एक निळी खोली आहे, 'पोलीस बॉक्स', म्हणजे पोलिसांशी फोनवर बोलायची रस्त्यावरची छोटी खोली. तिचा फोटो सध्या व्हॉट्सॲपवर फिरतोय. सोबत मजकूर : '१९२९ची लाकडी पोलीस चौकी, आजही जशीच्या तशी. ब्रिटिशांनी शोधलेली.' यातलं बरंचसं चूक आहे.

फोटोतली खोली १९९६ साली उभारलेली, म्हणजे जुन्याची नक्कल. मूळ खोल्या लंडन पोलिसांचे वास्तुरचनाकार गिल्बर्ट मॅकेन्झी ट्रेंच यांच्या आराखड्याच्या. त्या लाकडी नव्हत्या, काँक्रीटच्या होत्या. सागवानी होता तो फक्त दरवाजा. आणि कल्पना मुळात अमेरिकेची : ऑल्बनी शहरात १८७७ मध्येच असे पोलीस टेलिफोन होते. ग्लासगोत १८९१ पासून आले, तेही लाल रंगाचे!

बाहेरच्या छोट्या झडपेमागे फोन असे. कुणीही ती उघडून फुकटात पोलिसांशी बोलावं. आत स्टूल आणि लिहायला फळी, म्हणजे गस्तीवरच्या हवालदाराचं चिमुकलं ऑफिसच. ठाण्याला त्याच्याशी बोलायचं असलं की छतावरचा दिवा लुकलुकायचा, मग तो येऊन फोन उचलायचा. पकडलेल्या माणसाला गाडी येईपर्यंत कधीकधी इथेच बसवून ठेवत. हवालदारांच्या हाती वायरलेस आला आणि १९६०च्या दशकाअखेर या खोल्या हटू लागल्या.

'डॉक्टर हू' या बीबीसीच्या विज्ञानकथा मालिकेतलं कालयान अशाच खोलीसारखं दिसतं. त्या मालिकेसाठीच ही खोली बनवली, असंही काहींनी पुढे जोडलंय. मालिका १९६३ची, खोल्या त्याआधी तीसेक वर्षांच्या. गंमत म्हणजे या आकाराच्या ट्रेडमार्कवरून पोलीस आणि बीबीसी भांडले, आणि २००२ मध्ये निकाल बीबीसीच्या बाजूने लागला.