नैरोबीहून एक दिवस : नैवाशा आणि हेल्स गेट, स्वतःच्या पायांनी

नैरोबीत राहत असल्यामुळे महाराष्ट्रातून येणाऱ्या आप्तेष्टांच्या सहलींचे आराखडे बहुधा आधी माझ्याकडे येतात, आणि त्यांतली एक गोष्ट मला नेहमी खटकते. मसाई मारा, अंबोसेली, नाकुरू ही नावे ठळक अक्षरांत असतात. नैवाशा मात्र दोन मुक्कामांच्या मधली जागा म्हणून येते, दुपारचे जेवण आणि तासाभराची नौकाफेरी एवढ्यापुरती. हेल्स गेट राष्ट्रीय उद्यानाचे तर पुष्कळदा नावही नसते. सगळी सहल वर उचलल्या जाणाऱ्या छताच्या व्हॅनमधून होते. त्या व्हॅनमधून सिंह दिसतो, चित्ता दिसतो, आणि तो आनंद खराच असतो. पण आठवडाभर केनियात राहून परतणाऱ्या माणसाचा पाय इथल्या मोकळ्या गवताळ जमिनीला जवळजवळ लागलेलाच नसतो. म्हणून माझे आग्रहाचे म्हणणे असे, की आराखड्यातला एक पूर्ण दिवस मोकळा ठेवावा, पहाटे नैरोबीहून निघावे, सकाळ हेल्स गेटमध्ये सायकलवर आणि पायी घालवावी, दुपार नैवाशा सरोवरावर घालवावी आणि रात्री परतावे. या दिवसाने जे मिळते ते व्हॅनमधल्या चार दिवसांनी मिळत नाही, असे माझे ठाम मत आहे.

नैवाशा नैरोबीच्या वायव्येला सुमारे नव्वद किलोमीटरवर आहे आणि रस्ता मोकळा असेल तर दोन तासांत तिथे पोहोचता येते. लिमुरूच्या पुढे चहाचे मळे मागे पडतात आणि एकाएकी डाव्या हाताची जमीन संपते. तिथून खाली पसरलेली असते ती ग्रेट रिफ्ट व्हॅली, म्हणजे आफ्रिका खंड दोन बाजूंना ताणले जात असताना मधली जमीन खचून तयार झालेली दरी. समोर २,७७६ मीटर उंचीचा लाँगोनॉट हा ज्वालामुखी उभा असतो. माई माहिऊकडे उतरणारा जुना रस्ता सुंदर आहे, पण युगांडाकडे जाणाऱ्या मालमोटारींनी भरलेला असतो. उशिरा निघालेल्यांचा सगळा उत्साह त्या उतारावरच संपतो. सहाच्या आत घर सोडणे यासाठी आवश्यक आहे.

हेल्स गेट १९८४ साली राष्ट्रीय उद्यान झाले. क्षेत्रफळ अवघे ६८ चौरस किलोमीटर, म्हणजे माराच्या तुलनेत अगदी लहान. केनियातल्या ज्या मोजक्या राष्ट्रीय उद्यानांत पर्यटकांना पायी आणि सायकलने हिंडता येते, त्यांत हे प्रमुख आहे. सिंहांचा इथे कायमचा वावर नाही आणि हत्तीही नाहीत. बिबटे आणि तरस आहेत, पण थोडे, आणि दिवसा ते क्वचितच दिसतात. बाकी झेब्रे, जिराफ, इलँड, ज्याला इथे कोंगोनी म्हणतात तो हार्टबीस्ट, थॉमसन आणि ग्रँट गझेल, वॉर्टहॉग, बबून आणि रानम्हशी हे सगळे उघड्या माळावर असतात. जॉय अ‍ॅडमसन यांनी वाढवलेल्या एल्सा सिंहिणीचे नाव दिलेले एल्सा गेट हे मुख्य प्रवेशद्वार आहे. भाड्याच्या सायकली त्याच्या आसपास मिळतात. सायकल घेताना दोन्ही ब्रेक आणि गिअर स्वतः चालवून पाहावेत आणि मगच पैसे द्यावेत, कारण आतला रस्ता खडी, वाळू आणि मऊ ज्वालामुखी मातीचा आहे, आणि ढिल्या ब्रेकची किंमत पहिल्याच उतारावर कळते.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. व्हॅनमध्ये बसलेल्या माणसाला जनावरे गाडी म्हणून पाहतात. सायकलवरच्या माणसाला ती माणूस म्हणून पाहतात. हा फरक तिथे गेल्यावर पहिल्या दहा मिनिटांत जाणवतो. शेजारून गाडी गेली तरी चरत राहणारा झेब्र्यांचा कळप दोन सायकली दिसताच माना वर करतो, एखादा नर पुढे येऊन भुंकल्यासारखा आवाज काढतो आणि सगळा कळप ठरावीक अंतर राखून सरकतो. ते अंतर ते ठरवतात, आपण नाही. आपण थांबलो, आवाज केला नाही, हातवारे केले नाहीत, तर थोड्या वेळाने ते पुन्हा चरू लागतात. गवत तोडल्याचा आवाज ऐकू येतो, वाऱ्याबरोबर अंगाचा उग्र वास येतो, जिराफ पाऊल टाकताना किती सावकाश आणि किती दूर टाकतो हे कळते. मुलांना वन्यजीवांविषयी आदर शिकवायचा असेल तर माझ्या मते याहून चांगली शाळा नाही, कारण इथे आपल्या वागण्याचे उत्तर समोरचा प्राणी तत्काळ देतो.

पण याच मोकळेपणामुळे जबाबदारी आपल्यावर येते आणि ती मी प्रत्येकाला स्पष्ट सांगतो. रानम्हशी दिसल्या तर फोटोसाठी पुढे जाऊ नये. त्या रस्त्याजवळ असतील तर थांबावे, मागे फिरावे किंवा एखाद्या गाडीच्या आडोशाने पुढे जावे. दाट झुडपांत शिरू नये. बबूनांसमोर खाण्याची पिशवी उघडू नये, आणि त्यांना खायला तर कधीच देऊ नये. एकदा माणसाच्या हातचे खाल्लेला बबून पुढच्या माणसाकडून ते हिसकावून घेतो, आणि शेवटी शिक्षा त्या जनावरालाच होते. पाण्यासाठी टिकाऊ बाटली न्यावी. केनियाने प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर ऑगस्ट २०१७ मध्ये बंदी घातली आणि जून २०२० पासून राष्ट्रीय उद्यानांमध्ये एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकलाही मनाई आहे.

प्रवेशद्वारापासून थोड्याच अंतरावर फिशर्स टॉवर हा सुमारे २५ मीटर उंचीचा कातळसुळका लागतो. ज्वालामुखीच्या नळीत थिजलेला लाव्हा शिल्लक राहिला आणि भोवतालचा मऊ भाग झिजून गेला, असा हा सुळका आहे. त्याला ज्याचे नाव दिले तो जर्मन प्रवासी गुस्ताव फिशर १८८३ मध्ये इथवर आला होता. पायथ्याशी खडकात राहणारे हायरॅक्स, म्हणजे सशाएवढे केसाळ प्राणी, उन्हात पडलेले असतात. पुढे दोन्ही बाजूंना तांबूस कातळकडे उभे राहतात आणि त्यांच्या कपारींत रुपेल्स गिधाडांची वस्ती आहे. इथे मान वर करून थांबावे, घाई करू नये. आपल्याकडे जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅकमुळे गिधाडे जवळपास नाहीशी झाली, हे बहुतेकांना ठाऊक असते; पूर्व आफ्रिकेत मुख्य कारण वेगळे आहे. गुरे मारणाऱ्या सिंह-तरसांचा सूड म्हणून मृत जनावरावर विष टाकले जाते, आणि एका विषारी शवावर गिधाडांचा अख्खा थवा मरतो. रुपेल्स गिधाड २०१५ पासून जगातल्या अतिसंकटग्रस्त पक्ष्यांच्या यादीत आहे. या कड्यांवर ते अजून घरटी करते, म्हणून हे कडे मला या उद्यानाचा सर्वांत मोलाचा भाग वाटतात.

सरोवर आणि उद्यान एकाच दिवसात पाहावे असे मी का म्हणतो, त्याचे उत्तर उद्यानाच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या ओल न्जोरोवा घळीत आहे. हजारो वर्षांपूर्वी, हवामान आजच्यापेक्षा बरेच ओले असताना, नैवाशा सरोवर खूप मोठे आणि उंच पातळीचे होते, आणि त्याचे जादा पाणी दक्षिणेकडे याच वाटेने वाहत होते. त्या पाण्याने मऊ ज्वालामुखी खडक कापून ही अरुंद, वळणावळणाची घळ तयार केली. पुढे हवामान कोरडे झाले, सरोवर आकसले आणि वाट कोरडी पडली. म्हणजे सकाळी आपण ज्या भिंतींवरून हात फिरवतो त्या दुपारी दिसणाऱ्या सरोवरानेच घडवलेल्या आहेत. घळीच्या तळाशी काही ठिकाणी गरम पाण्याचे झरे आहेत, आणि या परिसरात काळा, काचेसारखा चमकणारा ऑब्सिडियन दगडही सापडतो. तो हातात घेऊन पाहावा आणि होता तिथेच ठेवावा.

या घळीविषयी एक गंभीर गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाणे मला योग्य वाटत नाही. पाऊस दूरच्या चढावर पडतो, घळीत डोक्यावर ऊन असते, आणि पाणी काही मिनिटांत भिंतीसारखे येते. एप्रिल २०१२ मध्ये आणि पुन्हा सप्टेंबर २०१९ मध्ये अशा पुरात प्रत्येक वेळी सात जणांचा जीव गेला. २०१९ च्या घटनेनंतर घळ पर्यटकांसाठी बंद करण्यात आली होती. आपण जाल त्या दिवशी तिथे उतरण्याची परवानगी आहे का हे प्रवेशद्वारावर वनरक्षकांना विचारावे, स्थानिक वाटाड्याशिवाय उतरू नये आणि आभाळ भरलेले असेल तर वरूनच पाहून परतावे. ‘इतक्या लांब आलो आहोत तर थोडे तरी आत जाऊ’ हा विचार इथे मनात येऊच देऊ नये.

उद्यानात वाफेचे नळ आणि विजेचे मनोरे दिसतात, आणि काही पाहुण्यांचा त्यामुळे हिरमोड होतो. ओल्कारियाच्या भूऔष्णिक केंद्राचा पहिला संच १९८१ मध्ये सुरू झाला, म्हणजे उद्यान घोषित होण्याच्या आधी. आज केनियाच्या विजेचा फार मोठा वाटा जमिनीखालच्या याच उष्णतेतून येतो, आणि तेल-कोळसा न जाळता मिळणाऱ्या त्या विजेचा मला आदर आहे. तरीही नव्या विहिरी आणि नव्या वाहिन्या गिधाडांच्या कड्यांच्या दिशेने सरकू नयेत, असे मला कळकळीने वाटते. मोठ्या पंखांच्या पक्ष्याला तारा दिसत नाहीत, आणि गिधाडाची जोडी साधारणतः वर्षाला एकच पिल्लू वाढवते.

घळीकडे जाताना रस्ता बहुतेक उताराचा असतो, म्हणून जाणे सोपे वाटते. परतीचा चढ आणि विषुववृत्ताजवळचे ऊन मात्र चांगलाच कस पाहतात. सगळा परिसर समुद्रसपाटीपासून १,९०० मीटरच्या आसपास असल्यामुळे सखल प्रदेशातून आलेल्यांना धाप लवकर लागते. अकरापर्यंत परतीला लागणे उत्तम.

दुपारचा वेळ सरोवराचा. नैवाशाला पृष्ठभागावरून बाहेर पडणारी एकही नदी नाही, आणि अशा सरोवराचे पाणी सहसा खारट होते. नैवाशाचे पाणी मात्र गोडे आहे, कारण मालेवा आणि गिलगिल नद्यांनी आणलेले पाणी जमिनीखालून झिरपत बाहेर जाते आणि क्षारही सोबत नेते. १९९५ पासून ते रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाचे म्हणून नोंदलेले, पाणथळ क्षेत्र आहे. काठाजवळ पॅपिरसची बेटे, मोकळ्या पाण्यावर तरंगणारी जलपर्णी, पाणकावळे, पेलिकन, कवड्या खंड्या आणि पांढऱ्या डोक्याचा आफ्रिकी मत्स्यगरुड हे सगळे एका फेरीत दिसते. नावाडी शीळ घालून मेलेला मासा पाण्यात फेकतात आणि गरुडाला झडप घालायला लावतात. मी नावेत बसण्याआधीच हे नको म्हणून सांगतो. त्या पक्ष्याला स्वतःच्या वेळेला स्वतःचा मासा पकडताना पाहण्यासाठी अर्धा तास थांबावे लागले तरी चालेल.

पाणघोड्यांच्या बाबतीत तर माझा कोणताही समझोता नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये याच काठावर पाणघोड्याचा फोटो घेताना एका तैवानी पर्यटकाचा मृत्यू झाला. संध्याकाळी पाणघोडे चरायला बाहेर येतात तेव्हा त्यांच्या आणि पाण्याच्या मध्ये कधीही उभे राहू नये. नावेत प्रत्येकाने जीवरक्षक जाकीट घातलेच पाहिजे, आणि नावाडी कळपाच्या फार जवळ जाऊ लागला तर त्याला स्पष्ट शब्दांत मागे घ्यायला सांगावे. तो बक्षिसाच्या आशेने जवळ जातो. लांब राहिलास म्हणून जास्त देईन, असे सांगितले की गोष्ट सहज सुटते.

पाण्यात उभी वाळलेली बाभळीची झाडे पाहून अनेक जण विचारतात की हे काय झाले. पिवळ्या सालीच्या बाभळी हे या काठाचे वैभव आहे. २००९ मध्ये सरोवर इतके आटले होते की ते संपते की काय, अशी भीती व्यक्त होत होती, आणि काठच्या फुलशेतीच्या पाणीवापराकडे बोट दाखवले जात होते. त्यानंतर मात्र पातळी वाढत गेली, २०२० मध्ये काठची घरे आणि रस्ते पाण्याखाली गेले, आणि बाभळी उभ्या जागी गुदमरल्या. रिफ्ट व्हॅलीतली बारिंगो, नाकुरू ही सरोवरेही याच काळात पसरली. युरोपात विकल्या जाणाऱ्या गुलाबांची प्लॅस्टिकची लांबच लांब हरितगृहे आजही काठाला लागून आहेत. हजारो कुटुंबांचे पोट त्यावर चालते, म्हणून मी त्यांच्याविरुद्ध नाही. पण मळ्यांतली खते आणि शहराचे सांडपाणी सरोवरात उतरते, जलपर्णी त्यावरच माजते, आणि याबद्दल काठावर येणाऱ्या पर्यटकाला कोणी काही सांगत नाही, याचे मला वाईट वाटते.

एकाच दिवसात हेल्स गेट, नौकाफेरी, सरोवरातले क्रेसेंट आयलंड आणि लाँगोनॉटची चढाई असे सगळे देऊ करणारे आयोजक भेटतात. त्यांना नकार द्यावा. उद्यान आणि सरोवर एवढेच पुरेसे आहे. घरातल्या ज्येष्ठांना सायकल शक्य नसेल तर त्यांनी हेल्स गेट गाडीतून पाहावे, फिशर्स टॉवरजवळ उतरून थोडे चालावे; किंवा सगळ्यांनी मिळून उद्यानाऐवजी क्रेसेंट आयलंड निवडावे, जिथे जिराफ आणि वॉटरबक यांच्यामधून सपाट जमिनीवर चालता येते. मार्च ते मे या मोठ्या पावसाच्या महिन्यांत घळीचा विचार सोडून द्यावा.

हा दिवस सहलीच्या शेवटी न ठेवता सुरुवातीला ठेवावा, असेही मी सुचवतो. भारताचे घड्याळ केनियाच्या अडीच तास पुढे आहे, त्यामुळे नुकत्याच आलेल्या माणसाला इथल्या पहाटे चारला आपोआप जाग येते आणि सहाच्या आत निघणे जड जात नाही. शिवाय ज्याने झेब्र्यांसमोर पायी उभे राहून अंतर राखायला शिकले आहे, तो पुढे मारामध्ये चालकाला ‘अजून जवळ घ्या’ असे सांगत नाही.