गॅरंटी नाही हो मॅडम, वॉरंटी!

वॉशिंग मशीन बंद पडलं तेव्हा आत कपडे साबणाच्या पाण्यात भिजत होते आणि दार काही केल्या उघडेना. तरी मी निवांत. वॉरंटी संपायला चक्क दोन महिने बाकी होते! एरवी वस्तू कशा, वॉरंटी असेपर्यंत दातओठ खाऊन तग धरतात.

कस्टमर केअरला फोन लावला, म्हटलं गॅरंटीत आहे, बदलून द्या. तर पलीकडचा मुलगा एकदम मधाळ आवाजात, "मॅडम, गॅरंटी नाही हो, वॉरंटी आहे. गॅरंटीत बदलून मिळतं, वॉरंटीत दुरुस्त करून." एवढं बोलून मला होल्डवर टाकलं.

आता ते ट्यांव ट्यांव किती ऐकणार, फोन स्पीकरवर टाकला आणि डिक्शनरी उघडली. बघते तर काय, दोन्ही शब्द एकाच घरातले! मूळ जर्मानिक शब्द, 'जामीन राहणारा' अशा अर्थाचा, तो फ्रेंचांनी उचलला. फ्रान्सच्या उत्तरेकडच्या नॉर्मन बोलीत 'व' तसाच राहिला, पॅरिसकडे त्याचा 'ग' झाला. १०६६ मध्ये नॉर्मन इंग्लंडात घुसले, त्यांच्या बोलीतून इंग्रजीत वॉरंटी आली आणि गॅरंटी मागून कधीतरी, १७व्या शतकात. वॉर्डन आणि गार्डियनचंही तेच. पोलिसांचं वॉरंटसुद्धा ह्याच खानदानातलं, म्हणजे एक भाऊ पकडायला येतो आणि दुसरा फोनच उचलत नाही. आणि हा मुलगा मला सख्ख्या भावांची वाटणी समजावत होता!

खरी गंमत पुढे. वॉरंटी आधी जमिनीच्या व्यवहारातली. जमीन देणारा शब्द द्यायचा की उद्या कुणी हक्क सांगत आला तर कोर्टात तुझ्या बाजूने मी उभा राहीन, आणि हरलो तर तेवढ्याच किमतीची दुसरी जमीन देईन. वारसांनाही ते बंधन! म्हणजे वॉरंटीतच बदलून मिळत होतं की, तेही शेतच्या शेत, आणि मला इथे एक ड्रम मिळेना.

मुलगा परत लाइनवर आला तसं मी हे सगळं एका दमात त्याला ऐकवलं, नॉर्मन, कोर्ट, वारस, सगळं. तो शांतपणे ऐकत राहिला. (बहुतेक म्यूटवर होता.) मग म्हणाला, "मॅडम, बिल आहे ना?"

आहे म्हणजे काय! वॉर्डरोबमधून काढलं. हा वॉर्डरोबही त्यातलाच बरं का, फ्रेंचमध्ये गार्दरोब, कपड्यांचा राखणदार. बिल खराब होऊ नये म्हणून मी प्लास्टिकच्या पाकिटात घालून ठेवलं होतं आणि तिथेच माती खाल्ली, कारण त्या थर्मल कागदावर शाई नसतेच, उष्णतेने अक्षरं उमटतात आणि प्लास्टिकला चिकटून राहिली की आणखी लवकर उडतात. कागद पांढराफटक. ट्यूबलाइटखाली तिरका धरला, डोळे बारीक केले, तेव्हा कुठे तळाशी पुसट दिसलं, 'धन्यवाद, पुन्हा या'.