लेझरने धुताना ताजं सिमेंट सुटतं का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. रूट कॅनाल करताना दाढेच्या मुळांच्या बेचक्यात पडलेलं भोक एमटीए या दातांच्या सिमेंटने बुजवल्यावर त्याच बैठकीत लेझरने कॅनाल, म्हणजे मुळांतल्या बारीक नळ्या, धुऊ नयेत, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं : एर्बियम लेझर पाण्यातच शोषला जातो, सिमेंटपर्यंत उष्णता पोचत नाही, सिमेंट ढकलून पकड मोजणाऱ्या पुश-आउट चाचण्यांतही ती टिकलेली दिसते, मग ही नुसती नव्या यंत्राची भीती नाही का?

उष्णतेबद्दल तुमचं बरोबर आहे. २९४० नॅनोमीटरचा किरण पाणी लगेच शोषून घेतं. ‘लेझरमुळे सिमेंट सैल होतं’ हे माझं वाक्य ढोबळ होतं, ते मी बदलतो आहे. मला काळजी आहे ती पाण्याच्या धक्क्याची. लेझरच्या टोकाशी वाफेचा बुडबुडा फुगतो, मिटतो आणि त्या हादऱ्याने द्रव कॅनालभर धावतो. पिप्स या लेझरने धुण्याच्या पद्धतीत हे सेकंदाला साधारण १५ वेळा होतं, दर स्पंदाला २० मिलिज्यूल. टोक वर पल्प चेंबरमध्येच (दाताच्या आतल्या पोकळीत) धरतात, हे तुम्ही सुरक्षिततेच्या बाजूने मांडलंत. पण बेचक्यातलं भोक त्याच चेंबरच्या तळाला असतं! म्हणजे आपलं सिमेंट हादऱ्याच्या अगदी जवळ.

आणि ते सिमेंट तेव्हा कुठल्या अवस्थेत असतं? तोराबिनेजाद आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली मोजलेला एमटीएचा घट्ट होण्याचा वेळ होता २ तास ४५ मिनिटं. बायोडेंटिन हे दुसरं सिमेंट काही मिनिटांत आवळतं, तरी पूर्ण ताकद यायला त्यालाही दिवस लागतात. त्यात धुण्याचा द्रव १७ टक्के ईडीटीए असेल तर दुखणं वाढतं. ईडीटीए कॅल्शियम ओढून घेतो आणि या सिमेंटचं घट्ट होणंच कॅल्शियमवर चालतं. सुईने सोडलेला द्रव पृष्ठभागावर बराचसा साचून राहतो. लेझर तिथे सतत ताजा द्रव आणून आदळतो.

काढलेल्या दोन दाढांवर मी हे करून पाहिलं. एकीत भोक बुजवून तासाभरात ईडीटीएसह लेझर चालवला. मायक्रोस्कोपखाली सिमेंटची कड रवाळ झालेली दिसली, प्रोब या तपासायच्या टोकदार हत्याराचं टोक ओल्या वाळूत रुतावं तसं रुतलं. दुसरी आठवडाभर ओल्या कापसाखाली ठेवून मग धुतली. तिच्यावर प्रोब टक्‌ वाजला. दोन दाढा म्हणजे पुरावा नव्हे, पण हात तेव्हापासून थांबतो.

पुश-आउटचं म्हणाल, तर त्यात मुळाची पातळ चकती कापून तिच्यातलं सिमेंट दट्ट्याने ढकलतात. किती जोराला सुटलं, तो आकडा. तो वाचण्याआधी धुण्यापूर्वी सिमेंट किती मुरवलं होतं ते पाहा. आठवडाभर मुरलेल्या सिमेंटचा आकडा तासाभराच्या सिमेंटला लावता येत नाही.

‘मग आधी लेझरने धुऊन घ्या, नंतर बुजवा’ असंही तुम्ही सुचवलंत. हे कृपया कुणी करू नये. उघड्या भोकातून हायपोक्लोराईट हा कॅनाल धुण्याचा दाहक द्रव जोराने हाडाकडे गेलं तर रुग्णाला भयंकर वेदना आणि सूज येते. म्हणून मी आधी बुजवतो, वर ओला कापूस आणि तात्पुरतं फिलिंग ठेवतो, आणि लेझर पुढच्या बैठकीला वापरतो. रुग्णाला एक खेप जास्त पडते, हे मान्य.

तुम्ही त्याच दिवशी धुतलेल्या केसेस पाहिल्या असतील तर सिमेंट कोणतं, किती वेळाने धुतलं आणि द्रव कोणता, एवढं जरूर लिहा.