‘८०० वाल्यांनी वाचाच’: वाचलं, आता हेही वाचा

‘जुनी मारुती ८०० आहे? मग हे वाचाच आणि दहा जणांना पाठवा’ असा एक मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांवर फिरतोय. म्हणे तीस वर्षं अनुभव असलेल्या मेस्त्रीने लिहिलाय. मेस्त्रीचं नाव नाही, गाव नाही. मुद्दे सहा. तीन सिलिंडरचं इंजिन म्हणजे कंपनीने चारातला एक काढून पैसे वाचवले. थर्मोस्टॅट काढून टाका, इंजिन थंड राहतं आणि अ‍ॅव्हरेज वाढतं. कूलंट ही लूट आहे, साधं पाणी घाला. आत टायमिंगची चेन आहे, आयुष्यभर बघावं लागत नाही. ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने इंजिन सहा महिन्यांत खलास होतं, तेव्हा टाकीत थोडं रॉकेल ओता. आणि पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारातच.

असल्या मेसेजच्या नादाला मी लागत नाही. पण कोल्हापूरजवळच्या उचगावच्या मामांनी यातला थर्मोस्टॅटचा मुद्दा वाचून तो खरंच काढून घेतला, म्हणून आधी तोच घेतो.

एका रविवारी मामा म्हणाले, गाडी पेट्रोल लई प्यायला लागली, बघ जरा. बॉनेट उघडून ऑइल भरायचं झाकण काढलं, तर आतल्या बाजूला पिवळट-पांढरा चिकट थर. ऑइलची पट्टी पुसून नाकाशी धरली, तर पेट्रोलचा वास. पाण्याच्या टाकीत मात्र तेलाचा तवंग नाही, पाण्याची पातळी जागेवर, म्हणजे इंजिनाच्या ब्लॉक आणि हेडमधलं पॅकिंग, गॅस्केट, शाबूत. मग विचारलं, “मामा, गाडीचं काही काम केलंय का?”

“आरं, ते थर्मोस्टॅट काढलं की. मेसेजमधी हुतं. मेस्त्री बी म्हनला, काढा, कटकट मिटली.”

मिटली कसली! थर्मोस्टॅट म्हणजे मेणाच्या जोरावर चालणारी एक झडप. इंजिन गार असतं तेव्हा ती बंद राहते आणि पाणी रेडिएटरकडे न जाता इंजिनातच फिरतं, त्यामुळे इंजिन लवकर तापतं. ऐंशी-पंच्याऐंशी अंशांच्या आसपास आतलं मेण वितळून फुगतं, झडप उघडते आणि मग पाणी रेडिएटरला जातं. ती काढली की पहिल्या मिनिटापासून सगळं पाणी रेडिएटरमधून. उचगाव ते लक्ष्मीपुरी एवढ्याशा अंतरात, तेही पावसाळ्यात, इंजिन धड तापतच नाही. मामांची गाडी एमपीएफआय, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल सोडणारी. पाण्याचा सेन्सर ईसीएमला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, सांगत राहतो की इंजिन अजून गार आहे, आणि ईसीएम जास्त पेट्रोल सोडत राहतो. कार्ब्युरेटरवाल्या गाडीत हेच काम चोक ओढून ठेवणारा ड्रायव्हर करतो. हे जादा पेट्रोल पुरतं जळत नाही. सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन ते खाली ऑइलमध्ये उतरतं. जळताना तयार होणारी वाफही गार इंजिनात थिजून ऑइलमध्येच राहते, आणि झाकणाखालचा तो थर तिथून येतो. असल्या ऑइलवर पिस्टनच्या रिंगा आणि बेअरिंगा किती दिवस टिकणार? आणि मेसेज म्हणतो, अ‍ॅव्हरेज वाढतं!

यात अर्धं खरं एवढंच, की थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला तर गाडी नक्की तापते, आणि काढल्यावर तापायची थांबते. पण उपाय नवा बसवण्याचा आहे आणि तो काही शे रुपयांत होतो. जुना खराब आहे का हे घरीच कळतं. पातेल्यात पाणी तापवायचं, दोरीला बांधून थर्मोस्टॅट त्यात सोडायचा, पाणी उकळायच्या आत झडप उघडताना दिसली तर तो ठीक. मामींच्या पातेल्यात करू नका एवढंच.

गाडी खरोखर तापत असेल तर आधी रेडिएटरचा पंखा लागतो का बघा. त्याचा स्विच किंवा मोटर गेलेली असते, आणि आंबा घाटात दुसऱ्या गिअरमध्ये ट्रकमागे अडकलं की वारा नाही नि पंखाही नाही. मग रेडिएटरच्या जाळीत बसलेला चिखल, पाण्याच्या पंपाचं सील, आणि रेडिएटरचं झाकण. झाकणाची स्प्रिंग आत दाब धरून ठेवते, म्हणून पाणी शंभर अंशांनाही उकळत नाही. स्प्रिंग ढिली झाली की ते उकळून बाहेर. तरीही गाडी तशीच दामटली तर अ‍ॅल्युमिनियमचं हेड (इंजिनाचा वरचा भाग) वाकतं, गॅस्केट उडतं आणि हेड सपाट करून घ्यायला फेसिंगला न्यावं लागतं. या इंजिनाची खरी कमजोरी कुठली असेल तर ती ही.

कूलंटचा मुद्दाही इथेच निकालात काढू. कोल्हापुरात पाणी गोठत नाही, म्हणून गोठण्यापासून संरक्षणाचा आपल्याला उपयोग नाही, हे मान्य. पण कूलंटमध्ये गंज रोखणारी द्रव्यंही असतात. खाली ओतीव लोखंडाचा ब्लॉक, वर अ‍ॅल्युमिनियमचं हेड, आणि त्यात बोअरवेलचं क्षाराचं पाणी. वर्षा-दोन वर्षांत रेडिएटरच्या नळ्या बुजल्या की याच मेसेजवाल्याला फोन करा.

तीन सिलिंडरवर वेळ घालवायची इच्छा नाही, पण वर्कशॉपांनी भरलेल्या उद्यमनगरच्या गावात, कोल्हापुरात, हे वाचून गप्प बसवत नाही. हे ७९६ सीसीचं एफ८बी इंजिन मुळातच तीन सिलिंडरचं. सिलिंडरचा व्यास (बोअर) ६८.५ मिलिमीटर, पिस्टनची धाव (स्ट्रोक) ७२, तिन्ही सिलिंडरचं आकारमान काढून बघा, बरोबर ७९६ येतात. आयडलला थरथर जाणवते, कारण दोन्ही टोकांचे पिस्टन इंजिनाला पुढे-मागे डोलवतात, आणि ते शोषून घेणारी माऊंटिंगची रबरं जुन्या गाडीत दगड झालेली असतात. रबरं बदला. आजच्या नेक्सॉनच्या टर्बो पेट्रोलमध्येही तीनच सिलिंडर आहेत. तिथूनही कुणी एक चोरला काय?

चेन? चेन नाही, व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनशी जुळवणारा रबरी टायमिंग बेल्ट आहे. आणि रबर फक्त किलोमीटरने झिजत नाही, वयानेही जातं. गाडी महिन्यातून दोनदा ज्योतिबाला जाते म्हणून बेल्ट नवा राहत नाही. तुटला की गाडी जागेवर बंद. शेवटचा कधी बदलला ते आठवत नसेल तर बदला. एक पोटसूचना: अल्टोचा माल ‘तेच ८०० सीसी’ म्हणून गळ्यात मारतात. अल्टोचं इंजिन एफ८डी, बारा व्हॉल्व्हचं. बहुतेक ८०० मधलं एफ८बी सहा व्हॉल्व्हचं. हेड वेगळं, गॅस्केट वेगळं. त्यापेक्षा ओम्नीचं विचारा. तिच्यात हेच इंजिन होतं आणि ती २०१९पर्यंत येत होती, त्यामुळे ८०० चं उत्पादन २०१४ला थांबलं तरी पार्ट मिळतात.

आता ई२०. इथे मात्र मेसेजवाल्याच्या पदरात थोडं माप टाकावं लागतं, नाइलाजाने. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते. वीस टक्के मिसळलं की एकूण ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी घटते, हे कागदावर मांडून कुणालाही कळेल. हे माझं गणित नको असेल तर नीती आयोगाने जून २०२१मध्ये काढलेला इथेनॉल मिश्रणाचा आराखडा बघा. साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई१०साठी (दहा टक्के इथेनॉल) जुळवलेल्या चारचाकींचं अ‍ॅव्हरेज ई२०वर सहा ते सात टक्के घटेल, असं सरकारच्याच कागदात आहे. आपली ८०० त्याहून जुनी. पेट्रोलचे पाइप, पंपाचे डायफ्रॅम, कार्ब्युरेटरमधली रबरं ही इथेनॉल डोळ्यांसमोर ठेवून बनवलेली नाहीत. ती कडक होतात, फुगतात, पाझरतात. तेव्हा पाइप आणि रबरं तपासून बदलून घ्या, आणि बॉनेट उघडल्यावर पेट्रोलचा वास आला तर दुर्लक्ष करू नका, आग लागायची.

पण ‘सहा महिन्यांत खलास’ कुठून आलं? आणि त्यावर रॉकेल? रॉकेलचा ऑक्टेन, म्हणजे दाबाखाली वेळेआधी न पेटायची क्षमता, पेट्रोलपेक्षा कितीतरी कमी. ते घातलं की चढाला नॉकिंग (इंजिनात टकटक), मागे धूर, प्लग काळे. इथेनॉलने उलट ऑक्टेन वाढतो. म्हणजे मेसेजवाला आजारापेक्षा जालीम औषध सांगतोय.

मेसेजसोबतच्या व्हिडिओत बाटलीत पेट्रोल घेऊन थोडं पाणी ओततात, हलवतात, आणि खालचा थर ओतलेल्या पाण्याच्या दुपटी-तिपटीने वाढलेला दाखवून म्हणतात, बघा, पंपवाले पाणी मिसळतात. अहो, इथेनॉलला पेट्रोलपेक्षा पाणी प्रिय. पाणी ओतलंत की पेट्रोलमधलं इथेनॉल खाली पाण्यात उतरतं आणि थर वाढतो. एवढंच सिद्ध होतं की पेट्रोलमध्ये इथेनॉल आहे, आणि ते पंपावर लिहिलेलंच आहे. हेच तुमच्या टाकीत होऊ नये म्हणून पेट्रोलच्या झाकणाचं रबर नीट ठेवा, आणि पावसाळाभर गाडी नुसती उभी ठेवू नका.

गंमत म्हणजे ज्या ग्रुपवर हा मेसेज आला, तिथले निम्मे लोक ऊसवाले. इथेनॉलमुळे कारखान्याकडून उसाची बिलं वेळेवर निघतील म्हणून सकाळी अभिनंदन, आणि संध्याकाळी इथेनॉल म्हणजे विष!

राहिलं भंगार. पंधरा वर्षांच्या पेट्रोल गाडीवर बंदी दिल्ली आणि आसपासच्या एनसीआरसाठी आहे, कोल्हापूरसाठी नाही. इथे पंधरा वर्षांनी आरटीओत गाडी दाखवून पाच-पाच वर्षांनी नोंदणी वाढवून मिळते, पर्यावरण कर भरावा लागतो. ही नोंदणी वाढवायची फी मात्र २०२२मध्ये सहाशेवरून पाच हजारांवर गेली, त्याबद्दल बोंब मारायची तर मारा, मीही येतो. आरसीवरची तारीख आजच बघून ठेवा. मुदत टळल्यावर गेलात तर दंड वेगळा.