‘द चीफटन्स’ना कुणी शिकवलंच नव्हतं?

आयरिश लोकसंगीताचा विषय निघाला की ‘द चीफटन्स’ या बँडबद्दलचा एक समज हमखास पुढे येतो आणि लोक तो मोठ्या प्रेमाने एकमेकांना पाठवतात. तो साधारण असा: हे सगळे खेड्यापाड्यातले साधे लोक, त्यांना संगीत कुणी शिकवलं नाही, ते रक्तातूनच आलं, स्वरलिपी त्यांना येत नव्हती, आणि म्हणूनच हजारो वर्षांचं संगीत त्यांनी जसंच्या तसं जगापुढे ठेवलं. यात कौतुक आहे हे मान्य. पण या कौतुकात त्यांच्या गुरूंची नावं पुसली जातात आणि वर्षानुवर्षांची मेहनतही. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

‘सगळे खेड्यातले होते.’

1962 मध्ये बँड उभा करणारा पॅडी मलोनी डब्लिनच्या डॉनीकार्नी भागातला. फिडल म्हणजे व्हायोलिन वाजवणारा मार्टिन फे डब्लिनचा. दुसरा फिडलवादक शॉन कीन हाही डब्लिनचाच, ड्रिमना वस्तीतला. टिन व्हिसल ही धातूची छोटी बासरी वाजवणारा शॉन पॉट्स आणि पुढे 1976 मध्ये आलेला गायक व बाउरान या डफासारख्या वाद्याचा वादक केव्हिन कॉनेफ, दोघेही डब्लिनकर. हार्पवादक डेरेक बेल बेलफास्टचा. मुख्य वादकांत गावाकडचे म्हणावेत असे दोघे: क्लेअर परगण्यातला मायकल टब्रिडी आणि रॉसकॉमन परगण्यातल्या बॅलहाडरीनचा मॅट मलॉय. त्यातही टब्रिडी पेशाने स्थापत्य अभियंता होता.

खेड्याशी नातं होतं, पण ते एक पिढी मागचं. कीनचे आई-वडील दोघेही फिडल वाजवणारे. पॉट्सचे आजोबा वेक्सफर्डहून आलेले पाइपवादक आणि काका टॉमी पॉट्स नावाजलेले फिडलवादक. शहरात आलेल्या माणसांनी गावाकडचं संगीत घरात जपलं आणि मुलांनी ते शहरातच उचललं.

‘कुणी शिकवलं नाही.’

हा दावा सर्वांत जास्त पसरलेला आणि सर्वांत चुकीचा. मलोनी इलन पाइप्स म्हणजे आयरिश बॅगपाइप शिकला तो लिओ राउसम यांच्याकडे. राउसम यांच्या घरात पाइप वाजवणं आणि बनवणं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. डब्लिनच्या महापालिकेच्या संगीत शाळेत ते कितीतरी दशकं रीतसर वर्ग घेत. 1970 मध्ये ते गेले, तोवर त्यांच्या हाताखालून आयर्लंडच्या पाइपवादकांची एक अख्खी पिढी तयार झाली होती.

हे वाद्य कुणी नुसतं उचलून वाजवू शकेल असं नाहीच. ‘इलन’ म्हणजे कोपर. फुंक तोंडाने मारायची नसते. एका कोपराने भाता चालवायचा, त्यातली हवा दुसऱ्या काखेतल्या पिशवीत साठवायची आणि त्या पिशवीवरचा दाब ढळू द्यायचा नाही. सुरुवातीच्या संचात पिशवी, भाता आणि चँटर म्हणजे सूर काढायची नळी, एवढंच असतं. अर्ध्या संचात तीन ड्रोन जोडले जातात. ते एकमेकांपासून सप्तकाच्या अंतरावर, तानपुऱ्यासारखे अखंड बोलतात. पूर्ण संचात आणखी तीन रेग्युलेटर, म्हणजे साथीचे सूर देणाऱ्या चाव्यांच्या नळ्या, येतात. त्यांच्या चाव्या मनगटाकडच्या तळव्याने दाबायच्या असतात, कारण बोटं चँटरवर गुंतलेली असतात.

नवशिक्याचं घोडं अडतं ते वरच्या सप्तकात. तिथे जायला चँटरचं खालचं तोंड मांडीवरच्या चामड्याच्या तुकड्यावर टेकवून बंद करायचं, सगळी भोकं क्षणभर झाकायची आणि त्याच क्षणी पिशवीवरचा दाब वाढवायचा. दाब कमी पडला तर सूर खालीच राहतो. जास्त झाला तर तो फाटतो आणि नळी किंचाळते. शिवाय आतली रीड, म्हणजे थरथरून सूर काढणारी पत्ती, बोरूसारख्या गवताची. हवा कोरडी झाली की तिचा बाक बदलतो, सूर चढतात आणि कधी ‘डी’ हा खालचा सूर बोलतच नाही. ती किती उघडी ठेवायची, तिचा तांब्याचा पट्टा कुठे सरकवायचा, हे समोर बसवून दाखवावं लागतं. आयरिश पाइपवादकांत जुनं वचन आहे: सात वर्षं शिकायची, सात वर्षं सरावाची, सात वर्षं वाजवायची, मग पाइपवादक तयार होतो. ‘रक्तातून आलं’ म्हणणाऱ्यांनी हा हिशेब नजरेआड करू नये.

‘स्वरलिपी येत नव्हती.’

बँडमधले निदान तिघं तरी पाश्चात्त्य अभिजात शिक्षण घेतलेले. मार्टिन फे डब्लिनच्या ॲबी थिएटरच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवत असे. शॉन कीनने डब्लिनच्या संगीत शाळेत व्हायोलिन शिकून घेतलं. आणि डेरेक बेल हा तर लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकचा विद्यार्थी. संगीतकार, पियानोवादक आणि ओबो या फुंकवाद्याचा वादक. बेलफास्टमध्ये तो सिंफनी वाद्यवृंदाचा व्यवस्थापक होता. वृंदातल्या हार्प सुरात ठेवण्याची जबाबदारी त्याच्याकडे आली, तेव्हा कुतूहलापोटी तो शीला लार्शे कथबर्ट यांच्याकडे हार्प शिकू लागला. तेव्हा तो तिशीच्या उंबरठ्यावर होता. बँडमध्ये तो हार्पसोबत ओबो आणि आपल्या संतूरच्या जातीचं, हातोड्यांनी वाजवायचं एक वाद्यही वाजवी.

व्हायोलिनवाल्यांच्या बाबतीत कस वेगळ्याच ठिकाणी लागतो. शाळेत शिकवलेलं सततचं व्हायब्रेटो, म्हणजे सुराला दिलेला कंप, नृत्याच्या धुनेत आवरावं लागतं, नाहीतर धुनेची धार जाते. रील ही वेगवान नृत्याची धून; कागदावर ती म्हणजे सरळ ओळीतले आठ-आठ सूर. ते तसेच सारखे वाजवले तर धून मेलेली वाटते, कारण त्यातला झोका कागदावर नसतो. ‘रोल’ नावाचा अलंकार तर बहुतेक वेळा लिहिलेलाच नसतो. त्यात मूळ सूर, वरचा स्पर्श, मूळ सूर, खालचा स्पर्श, पुन्हा मूळ सूर, असा पाच घटकांचा खेळ साध्या तीन सुरांच्या वेळात बसवायचा असतो. आपल्याला मुरकी आठवते, पण फरक मोठा आहे: मुरकीतले सूर कानाला लागायचे असतात, रोलमधले वरखालचे स्पर्श मात्र सूर म्हणून ऐकूच यायचे नसतात. ते फक्त मूळ सुराला छेद देतात. स्पर्श लांबला की रोल बिघडला. कीनच्या वादनात हे किती स्वच्छ येतं ते ऐकावं: शाळेतला सफाईदार हात आणि घरातला कान, दोन्ही एकाच माणसात.

समजातला खरा अंश इथेच सांगायला हवा. कानाने शिकणं या परंपरेचा कणा आहे आणि पॉट्स, टब्रिडी, मलॉय त्याच वाटेने घडले. मलॉयच्या घरात बासरी आधीपासून होती. पाइपवर शोभणारा ‘क्रॅन’ हा तुटक अलंकार त्याने लाकडी बासरीवर असा बसवला की आज जगभरचे बासरीवादक तो गिरवतात. पण कानाने शिकणं म्हणजे न शिकणं नव्हे. गुरुमुखातून विद्या घेणाऱ्या आपल्या लोकांना हे वेगळं समजावून द्यायला नको.

‘हजारो वर्षांचं संगीत, जसंच्या तसं.’

रील हा प्रकार अठराव्या शतकात स्कॉटलंडहून आला. पोल्का ही दुसरी नृत्यधून एकोणिसाव्या शतकातली. फिडल म्हणजे इटलीत घडलेलं व्हायोलिनच. मलॉय वाजवतो ती सहा भोकांची लाकडी बासरी मुळात अभिजात वाद्यवृंदातली. 1847 मध्ये जर्मन बासरीकार बोमची धातूची नवी बासरी आली, वृंदातल्या वादकांनी हळूहळू जुन्या बासऱ्या सोडल्या आणि त्या स्वस्तात लोकवादकांच्या हाती पडल्या.

हार्पची कथा तर या दाव्याच्या नेमकी उलट आहे. धातूच्या तारा नखांनी छेडण्याची जुनी परंपरा एकोणिसाव्या शतकात तुटली. ती संपत आली असताना, जुलै 1792 मध्ये बेलफास्टला उरलेल्या हार्पवादकांना एकत्र बोलावलं गेलं आणि एडवर्ड बंटिंग या एकोणीस वर्षांच्या ऑर्गनवादकाने त्यांचं वादन कागदावर उतरवायला घेतलं. टर्लो ओ’कॅरोलन (1670–1738) या अंध हार्पवादकाच्या 200 हून अधिक रचना आज आपल्याकडे आहेत, त्या प्रामुख्याने कागदामुळे. त्यातही बहुतेक ठिकाणी फक्त वरची सुरावट लिहिलेली; खालचे सूर हार्पवर काय होते ते लिहिलेलंच नाही. म्हणजे बेल कॅरोलन वाजवी तेव्हा वरची ओळ अठराव्या शतकातली, पण डाव्या हाताचं काम बेलचं. वाचता येणारा, रचना करू शकणारा माणूस तिथे नसता तर या बँडमध्ये कॅरोलन तसा वाजलाच नसता.

मांडणीही नवी होती. त्याआधीचे केली बँड नृत्यासाठी वाजवत: सगळ्यांनी एकच धून एकदम, सोबत पियानो आणि ड्रम. ही रीत बदलली शॉन ओ रिआडाने. कॉर्क विद्यापीठात संगीत शिकलेला हा संगीतकार 1955 ते 1962 ॲबी थिएटरचा संगीत दिग्दर्शक होता. फे त्याच वृंदात. ओ रिआडाने ‘क्योल्तोरी खूलन’ हा गट काढला आणि त्यात मलोनी, फे, पॉट्स, टब्रिडी हे चौघेही होते. धून एका वाद्याकडून दुसऱ्याकडे सोपवायची, मध्ये दोघांनाच ठेवायचं, मग सगळ्यांनी मिळायचं, हे तंत्र मलोनीने तिथे पाहिलं आणि चीफटन्समध्ये वाढवलं. त्याची गरज कळायला साधा हिशेब पुरे: एका धुनेत 8 मात्राखंडांचे दोन भाग, प्रत्येक दोनदा, म्हणजे 32 खंड. रीलच्या गतीला हा फेरा पस्तीस-चाळीस सेकंदांत संपतो. नाचणाऱ्याला तोच फेरा पुन्हा हवा असतो, पण खुर्चीत बसलेल्या श्रोत्याला चौथ्या फेऱ्यात काहीतरी बदललेलं लागतं.

‘पोटासाठी फक्त संगीतच होतं’ अशी एक पुरवणीही कुणी जोडतं. मलोनी हिशेबनीस होता, पॉट्स टपाल खात्यात, आणि बँडमध्ये नंतर आलेला मलॉय त्याआधी एर लिंगस या विमान कंपनीत विमानांच्या देखभालीला. नोकऱ्या सोडून पूर्णवेळ वाजवण्याचा निर्णय बँडने घेतला तो 1975 मध्ये, म्हणजे स्थापनेनंतर तेरा वर्षांनी.