एसी सर्व्हिसिंग म्हणजे लूट? आधी ते ॲसिड खाली ठेवा

"इन्व्हर्टर एसीला सर्व्हिसिंग लागतच नाही, सगळी लूट आहे, 20 रुपयांत घरच्या घरी करा" असा एक मेसेज फॅमिली ग्रुपवर फिरतोय. एरवी मी असलं काही वाचतही नाही, पण डोंबिवलीच्या काकांचा फोन आला, "अरे, त्यात बाथरूमचं ॲसिड लिहिलंय, बाटलीतलं चालेल की सुटं आणू?" म्हटलं काका, काहीच आणू नका, हात लावू नका, मी लिहितो.

तर ॲसिड. मेसेजमध्ये लिहिलंय की अर्ध्या बादलीत झाकणभर ॲसिड टाका, इनडोअरच्या जाळीवर स्प्रे मारा, दहा मिनिटांनी एसी लावा. अहो, ती जाळी नाही, कॉइल आहे! तांब्याच्या नळ्या आणि त्यावर कागदासारख्या पातळ ॲल्युमिनियमच्या पट्ट्या. बाथरूमचं ॲसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक, ते ॲल्युमिनियम खातं, आणि फटीत राहिलेलं हळूहळू तांब्यालाही लागतं, मग बारीक भोक, मग गॅस लीक, मग नवीन कॉइल. वर बंद खोलीत ब्लोअर चालू केला की त्याची वाफ सरळ तुमच्या नाकात, घरात दम्याचं कोणी असेल तर विचारूच नका. आणि कोणी हुशारी करून त्यातच ब्लीच मिसळलं तर क्लोरीन गॅस तयार होतो. हे 20 रुपयांत!

"इन्व्हर्टरमध्ये ऑटो क्लीन असतं." असतं की. बहुतेक मशीनमध्ये ते एसी बंद केल्यावर थोडा वेळ पंखा फिरवून कॉइल सुकवतं, बास. फिल्टर ते धूत नाही, ड्रेन ट्रेमधला बुळबुळीत शेवाळी थर काढत नाही (भिंतीवर पाणी उतरतं ते बऱ्याचदा यामुळेच) आणि बाल्कनीबाहेर धूळ आणि कबुतरांची पिसं खात बसलेल्या आउटडोअरला तर त्याचा स्पर्शही नसतो. उलट इन्व्हर्टरमध्ये घाण लवकर कळत नाही, कारण त्याचा कॉम्प्रेसर गरजेप्रमाणे वेग बदलतो, तो जास्त जोरात पळून गारवा भरून काढतो. तुम्हाला वाटतं मशीन मस्त चाललंय, आणि तिकडे महावितरणचं बिल 300 युनिटच्या वर जाऊन वाढलेली युनिटं महागड्या स्लॅबमध्ये पडतात.

किती फरक पडतो? अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने हीट पंपाबद्दल (उन्हाळ्यात घर गार आणि थंडीत गरम करणारं मशीन) स्पष्ट लिहिलंय, नीट ठेवलेलं मशीन आणि अगदी दुर्लक्ष केलेलं मशीन यांच्या वीजवापरात 10 ते 25 टक्के फरक पडतो. आपला एसी म्हणजे तेच यंत्र, फक्त एकाच दिशेने उष्णता बाहेर फेकणारं. आपल्याकडची धूळ बघता मी तरी तो आकडा हसण्यावारी नेणार नाही.

"गॅस दरवर्षी संपतो, फक्त तो भरा." साफ खोटं. घरातला फ्रिज दहा-बारा वर्षं चालतो, त्यात कधी दरवर्षी गॅस भरलात का? सिस्टीम बंद असते, गॅस कमी झाला म्हणजे कुठेतरी लीक आहे, आणि लीक न शोधता भरणं म्हणजे पैसे हवेत सोडणं. त्यात हल्लीच्या बऱ्याच घरगुती एसीत आर-32 नावाचा गॅस असतो, तो थोडाफार का होईना पेट घेणारा आहे.

बरं, एक गोष्ट मान्य करावी लागेल. लुटणारे आहेत. नुसता फिल्टर झटकून "साहेब, गॅस कमी आहे" म्हणणारा एसीवाला मलाही भेटलाय. आणि फिल्टरसाठी कोणाला बोलवायची खरंच गरज नाही, सीझनमध्ये दोन आठवड्यांनी काढा, नळाखाली धुवा, सावलीत पूर्ण वाळवून लावा. पण कॉइल, ब्लोअर, ड्रेन आणि आउटडोअरसाठी वर्षातून एकदा, उन्हाळ्याआधी, माणूस बोलवा आणि तो काम करत असताना समोर उभे राहा. आउटडोअर धुतलं का ते बघा. गॅस कमी म्हणाला तर प्रेशर दाखव म्हणा, जोडांना साबणाचा फेस लावून लीक कुठे आहे ते दाखव म्हणा. टाळाटाळ केली तर फक्त सर्व्हिसिंगचे पैसे द्या आणि दुसरा बोलवा.