नवतपातली अॅनिव्हर्सरी

मे महिन्यात लग्न केल्याचा एक फायदा असतो, फोटोत सगळेच इतके घामेजलेले दिसतात की पाठवणीच्या वेळी खरंच कोण रडत होतं ते कधीच कळत नाही. आमचं लग्न 26 मे चं, म्हणजे ऐन नवतपातलं. सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरतो ना, 25 मेच्या आसपास, तेव्हापासूनचे हे नऊ दिवस, आणि आमच्या वऱ्हाडात निम्मी लग्नं याच सुमाराला लागतात कारण शेत रिकामं, पोरांना सुट्ट्या आणि 7 जूनच्या आसपास मृग लागायच्या आत सगळं उरकून टाकायचं असतं. आमची पत्रिका पाहताना गुरुजींनी मंगळ पाहिला, शनी पाहिला, सूर्याचं काय ते कोणीच विचारलं नाही.

यंदा यजमान स्वतःहून म्हणाले, "आज रातच्याले स्वयपाक नको करू, डिनरले बाहेर जाऊ." मी खूश. आणि मग सकाळी सकाळीच त्यांनी आमच्या लग्नाचा फोटो व्हॉट्सअॅप स्टेटसला टाकला. आता खेड्यात स्टेटस टाकणं म्हणजे दवंडीच, पुढच्या अर्ध्या तासात पहिले काका दारात हजर, "काय मंग सूनबाई, हॅप्पी अॅनिव्हर्सरी!" आणि बाहेर पारा 45 कडे निघालेला असताना उन्हातून आलेल्या माणसाला चहा कोण विचारणार? सरबतच द्यावं लागतं.

इथे बाहेरच्या लोकांना एक गोष्ट सांगायला पाहिजे. आमचं गाव दर्यापूरकडचं, खारपाणपट्ट्यातलं. अमरावती, अकोला, बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यातला हा पट्टा, जमिनीखालचं पाणी खारं. कूलरमध्ये बोरचं पाणी टाकलं की आठवड्याभरात जाळीवर पांढरी खपली धरते, ती मी दर रविवारी चमच्यानं खरवडते. बोरच्या पाण्याचं लिंबू सरबत केलं तर मीठ वेगळं टाकावं लागत नाही, पण पिणारा परत येत नाही (काही पाहुण्यांसाठी हा उपाय मी राखून ठेवलाय). म्हणजे पन्ह्याला गोडं पाणीच पाहिजे, आणि नळाचं पाणी काही रोज येत नाही, मग वीस लिटरचा कॅम्पर मागवायचा आणि त्याच्यावर डोळा ठेवून बसायचं, कारण पोट्टे त्याच पाण्यानं पाय धुतात.

पन्ह्याचं काम दिसतं तेवढं सोपं नाही. गावरान कैऱ्या, नुसत्या रेषाच रेषा. कुकरमधून काढल्या की साल हाताला चिकटून निघते, आतून कढत गर, तो बोटांनी कोयीवरून ओढून काढायचा, कोय सटकते, एक तर थेट सासऱ्यांच्या पेपरवर जाऊन पडली. मग गाळणीतून घासायचं, गराच्या दीडपट गूळ, वेलची, चिमूटभर मीठ. एवढं करून पातेलं फ्रिजमध्ये ठेवलं की लाइट जाते.

त्यात प्रत्येकाची फर्माईश. सासऱ्यांना बेलाचं पाहिजे कारण ते पोटाला थंड. सासूबाईंना चिंचोणी, म्हणजे अक्षय्य तृतीयेला करतात ते चिंच-गुळाचं पाणी, "आखजीले केली होती तशी कर वं, पातळ." नणंदेची पोरगी सुट्टीत अमरावतीहून आलेली, तिला मोहितो पाहिजे, पुदिना ठेचून सोडा टाकून. येणारे काका-मामा मात्र एकाच मताचे, पन्हं पितात, मिशी पुसतात आणि म्हणतात, "वा! थोडंसंक आखीन असन काय?" यजमान दारात उभे राहून शुभेच्छा घेत होते, हातात मोबाइल, वर कूलरचा झोत. लग्न दोघांचं झालं होतं, घाम एकटीलाच.

संध्याकाळी निघालो तर आम्ही दोघं कसले, सासूबाई, पोरगं आणि भाची धरून पाच जण. सासरे घर राखायला थांबले, खरं तर त्यांना बातम्या पाहायच्या होत्या. शेजाऱ्याची गाडी मागून आणली, तिचा एसी बंद, काच उघडली की लू आत. सात वाजले तरी डांबरी रोडमधून वाफा.

हायवेवरचं फॅमिली गार्डन रेस्टॉरंट, खाली प्लास्टिकचं गवत, ते दिवसभर तापलेलं, त्यामुळे सासूबाईंनी चप्पल काढली आणि लगेच घातली. वेटर आला, "बॉटल की साधं?" सासूबाई म्हणाल्या, "साधं म्हंजे खारं काय बाप्पा?" तो काहीच न बोलता तीन बाटल्या ठेवून गेला.

मेनू कार्डात भाचीला मोहितो सापडला, 120 रुपये. सासूबाईंनी तिच्या ग्लासातला एक घोट घेऊन पाहिला आणि जाहीर केलं, "हे त दुपारचंच लिंबाचं सरबत होय, वरून छत्री लावली फक्त." तेवढ्यात यजमानांचं बोट खालच्या ओळीवर थांबलं. आम पन्ना, 90. त्यांचे ओठ हलायला लागले, हिशेब चालू. "अवं, सकाळपासून कितीक ग्लास वाटले तू?" मी म्हटलं मोजले नाहीत. "तरी तीसेक असतीन. म्हंजे सत्तावीसशेचं पन्हं फुकट पाजलं आपण गावाले!" आपण म्हणे.

मी तोच आम पन्ना मागवला. सगळे माझ्याकडे पाहायला लागले. पोरगं म्हणालं, "आई, घरी पातेलंभर हाय ना!" पण मला हवाच होता. आला तो भांडी घासायच्या लिक्विडसारखा हिरवागार, बाटलीतलं सिरप होतं ते, कैरी त्यानं लांबूनही पाहिली नसावी, वर जिऱ्याची पूड टाकून पाप झाकलेलं. पण ग्लास दुसऱ्या कोणीतरी भरला होता, ट्रेमध्ये ठेवून माझ्यासमोर आणला होता, आणि माझ्या बोटांना कैरी नव्हती लागली. शेवटच्या थेंबापर्यंत प्याले. सासूबाईंनी विचारलं कसं आहे, म्हटलं, "लय भंगार." आणि स्ट्रॉनं तळाचा बर्फसुद्धा ओढला.

जेवण ठीक होतं. शेवभाजीत शेव कमी, तर्री जास्त, रोट्या गरम. पनीरचे तुकडे भाचीनं मोजून वाटले.

मग बिल आलं, 1,330. पेरणी तोंडावर असली की आमच्या घरात रुपये कोणी रुपयांत मोजत नाही. बीटी कपाशीचं पाकीट, सोयाबीनची बॅग, डीएपी खताची बॅग, यातच सगळा हिशेब. यजमानांनी बिल लांब धरून पाहिलं, जवळ धरून पाहिलं, खिशातून पैसे काढले, आणि वर वीसची नोट बडीशेपच्या वाटीखाली सरकवली. मी चाट, हा माणूस टीप देतोय?

"तेराशे पन्नास," ते म्हणाले, "डीएपीची बॅग गेली एक. राउंड फिगर केली."